लिनक्सवर कीबोर्ड अडकला तर पॉवरच्या बटणाआधी काय काय करायचं

रात्री साडेदहाला काकांचा फोन. "अरे, तुझ्या त्या लिनक्सचा कीबोर्ड मेला. माउस चालतोय, सगळं दिसतंय, पण एक अक्षर उमटेल तर शपथ!" काका सोसायटीचे सेक्रेटरी. सर्वसाधारण सभेची नोटीस टाइप करत बसले होते आणि आता पॉवरचं बटण दाबून सगळं बंद करायच्या बेतात होते. नोटीस अर्थातच सेव्ह केलेली नव्हती.

मी म्हटलं, "काका, कुठलंही एक अक्षर दाबा आणि सोडू नका. दाबूनच ठेवा." दोन क्षण शांतता. मग, "अरे आलं! आता तर रांगच लागली!" म्हटलं, "बरं, आता शिफ्ट दाबून धरा, दहा अंक मोजा आणि सोडा." कीबोर्ड पूर्ववत. नोटीस वाचली.

झालं असं होतं की मथळा मोठ्या अक्षरांत लिहायचा म्हणून काकांनी शिफ्ट दाबली आणि पुढे काय लिहावं या विचारात करंगळी तशीच राहिली. शिफ्ट साधारण आठ सेकंद दाबून धरली की 'स्लो कीज' नावाची सोय चालू होते. हात थरथरणाऱ्यांसाठी ती केलेली आहे: बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय ते मोजलंच जात नाही. आपण नेहमीच्या वेगाने टाइप करतो, म्हणून एकही अक्षर पोचत नाही. काही डेस्कटॉपवर हा शॉर्टकट बंद असतो, काहींवर चालू असतो, काहींवर कोणीतरी कधीतरी गंमत म्हणून चालू करून ठेवलेला असतो. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' लागतात, ते याचंच भावंड. दोन्ही नको असतील तर ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग टायपिंग, आणि तिथलं 'कीबोर्डवरून चालू करा' अशा अर्थाचं बटण बंद करून टाका. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवरही ॲक्सेसिबिलिटीखालीच सापडेल.

हे पहिल्यांदाच सांगितलं, कारण 'कीबोर्ड मेला' म्हणून आलेल्या तक्रारीत कीबोर्ड खरोखर मेलेला क्वचितच असतो. दाबलेलं बटण वाटेत कुठेतरी अडतं, आणि ते कुठे अडलं ते शोधायचं, एवढंच आपलं काम आहे.

दाबलेलं बटण जातं कुठून कुठे

नळाला पाणी आलं नाही की आपण लगेच प्लंबर बोलावत नाही. आधी बाथरूमचा नळ बघतो, मग शेजारी विचारतो, मग गच्चीवरच्या टाकीचा विचार करतो. इथेही तसंच. बटण दाबलं की संकेत वायरमधून किंवा वायरलेस रिसीव्हरमधून कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जातो. कर्नल तो डिस्प्ले सर्व्हरला, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामला देतो: एक्सऑर्गला (थोडक्यात एक्स) किंवा वेलँडच्या कंपोझिटरला. तिथून तो बहुतेक वेळा इनपुट मेथडकडे, म्हणजे दाबलेल्या बटणांची आपल्या भाषेतली अक्षरं करणाऱ्या प्रोग्रामकडे, जातो. मराठी टाइप करणाऱ्यांकडे ती सहसा आयबस किंवा एफसीआयटीएक्स असते. आणि शेवटी ज्या खिडकीवर फोकस आहे तिच्याकडे. पाच थांबे. खालच्या सगळ्या युक्त्या म्हणजे 'या थांब्यापर्यंत पोचलं का' हे विचारण्याच्या तऱ्हा आहेत.

तुमच्याकडे एक्स आहे की वेलँड, हे सगळं ठीक चालू असतानाच बघून ठेवा. ग्नोममध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट'च्या तपशिलात 'विंडोइंग सिस्टिम' या ओळीसमोर ते लिहिलेलं असतं. एक्सचा जन्म १९८४ साली एमआयटीत झाला आणि आज वापरतात ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. वेलँडची सुरुवात २००८ ची. वयातल्या या फरकामुळे दोघांच्या अडकण्याच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत, ते पुढे येईलच.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच छोट्या रोमन अक्षरांत करायच्या. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे एकेक अक्षर सुटं दिलं आहे.

आधी फक्त बघा

काहीही दाबण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघायचं. माउस हलवल्यावर बाण हलतो का? हलत असेल तर क्लिक लागू होतं का? कोपऱ्यातलं घड्याळ मिनिटानं पुढे जातंय का? गाणं किंवा व्हिडिओ लावला असेल तर आवाज चालू आहे का?

मग कॅप्स लॉक दाबा आणि दिवा बघा. बऱ्याच जणांना वाटतं की तो दिवा कीबोर्ड स्वतःच लावतो. तसं नसतं. बटण दाबल्याची वर्दी संगणकाकडे जाते आणि संगणक उलट हुकूम देतो, 'दिवा लाव'. म्हणजे दिवा लागला-विझला तर वायर, पोर्ट, कर्नल आणि डेस्कटॉपची निदान इनपुट घेणारी बाजू जिवंत आहे. दिवा ढिम्म असेल तर गोष्ट खोलवर आहे. बऱ्याच वायरलेस कीबोर्डांना हा दिवाच नसतो, त्यांच्या बाबतीत ही परीक्षा सोडून द्या. आणि कॅप्स लॉकचा दिवा आपण हात न लावता लुकलुकत असेल, तर कर्नलनेच मान टाकली आहे. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवर आणि जुन्या गोल पिनेच्या कीबोर्डवर ही खूण दिसते. तिथे मात्र पॉवरचं बटण दाबून धरण्याला पर्याय नाही.

साध्या गोष्टी, ज्या सांगताना लाज वाटते पण निम्म्या वेळा त्याच निघतात

टर्मिनलमध्येच अडकलंय का? मग कंट्रोल आणि क्यू दाबा. विंडोजच्या सवयीने सेव्ह करायला आपण कंट्रोल-एस दाबतो. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ 'छपाई थांबव' असा आहे, टेलिटाइप यंत्रांच्या काळापासून. कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू कर'. मधल्या वेळात तुम्ही जे जे दाबलं असेल ते सगळं धाडकन उमटतं, तेव्हा वैतागून शिव्या टाइप केल्या असतील तर एंटर दाबू नका.

दुसऱ्या खिडकीत टाइप होतंय का? होत असेल तर तो एकच प्रोग्राम हँग आहे. त्याला बंद करा, लेख इथेच संपला.

व्हर्च्युअल मशीन किंवा रिमोट डेस्कटॉप उघडं आहे का? ते कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतात. व्हर्च्युअलबॉक्समधून सुटायला उजवा कंट्रोल, व्हर्ट-मॅनेजरमधून सुटायला डावा कंट्रोल आणि आल्ट एकत्र.

अक्षरं उमटण्याऐवजी मेनू उघडतायत, खिडक्या हलतायत? मग कंट्रोल, आल्ट किंवा सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) यांपैकी एखादं 'दाबलेलंच' राहिलं आहे, एक तर खरोखर चिकटून, नाहीतर संगणकाच्या समजुतीत. डावी-उजवी दोन्हीकडची ही बटणं एकेकदा दाबून सोडा. व्हर्च्युअल मशीनमधून आल्ट-टॅबने बाहेर आल्यावर हे हमखास होतं.

जुन्या छोट्या लॅपटॉपवर 'यू' दाबलं की ४ आणि 'जे' दाबलं की १ येतोय? नम लॉक लागला आहे. गेमिंग कीबोर्डवर फक्त सुपर चालत नसेल तर त्यावर विंडोज-लॉकचं वेगळं बटण असतं, ते बघा.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी खास

इतरांच्या मार्गदर्शकांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. आपल्याकडे मात्र तो रोजचा आहे.

पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही, 'बटणं चालतायत, ठिपके पडतायत, पण आत घेत नाही'. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण बघा. तिथे 'एमआर' किंवा 'म' असं काही दिसत असेल, तर तुम्ही पासवर्ड देवनागरीत टाकताय. ठिपका तो ठिपकाच, त्याला लिपी नसते. ग्नोममध्ये पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं. आजूबाजूला कोणी नाही बघून ते दाबा, म्हणजे काय उमटतंय ते कळेल. सुपर आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. नाहीच बदलली तर माउसने त्या खुणेवर क्लिक करा.

टर्मिनलमध्ये हीच गंमत वेगळ्या रूपात भेटते. फाइलींची यादी बघायला 'एल' आणि 'एस' दाबावं आणि इन्स्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी लागलेली असली तर उमटतं 'ते'. टर्मिनल शांतपणे सांगतं की 'ते' नावाची कमांड सापडली नाही. कीबोर्ड ठणठणीत असतो, फक्त भाषा भलती.

खरा अडथळा येतो तो आयबस हँग झाल्यावर. लक्षणं अशी: माउस नीट चालतो, क्लिक लागतात, आल्ट-टॅबने खिडक्या बदलतात, आवाज कमी-जास्त करणारी बटणंही चालतात. फक्त अक्षरं कुठल्याच चौकटीत उमटत नाहीत, किंवा एकात उमटतात आणि दुसऱ्यात नाही. याचं कारण वर सांगितलेल्या थांब्यांत आहे. आल्ट-टॅबसारखे शॉर्टकट डेस्कटॉप स्वतः उचलतो, ते आयबसपर्यंत जातच नाहीत. अक्षरं मात्र आयबसच्या हातून जातात, आणि त्याने हात आखडला की खिडकी वाट बघत राहते.

उपाय म्हणजे आयबसला मारून पुन्हा उठवणं. पण कमांड टाइप कशी करणार? दोन रस्ते आहेत. एक, माउसने वरच्या पट्टीतल्या आयबसच्या चिन्हावर उजवं क्लिक आणि 'रीस्टार्ट'. काही डेस्कटॉपवर हे चिन्ह असतं, ग्नोममध्ये नसतं. दुसरा रस्ता काळ्या पडद्याचा. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल, नाव आणि पासवर्ड मागेल. पासवर्ड टाइप करताना तिथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, घाबरू नका. आत गेल्यावर लिहा: पीकिल, म्हणजे पी-के-आय-एल-एल, मग मोकळी जागा, मग आयबस-डीमन. डीमनचं स्पेलिंग डी-ए-ई-एम-ओ-एन. एंटर. परत डेस्कटॉपवर या. बहुतेक वेळा आयबस आपणहून पुन्हा उभा राहतो. नाही राहिला तर आता इंग्रजी तरी टाइप होतं, टर्मिनल उघडून 'आयबस रीस्टार्ट' लिहा. तेही ऐकत नसेल तर एकदा लॉगआउट-लॉगिन.

परत कसं यायचं, हा नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न. हल्लीच्या उबुंटूवर कंट्रोल-आल्ट-एफ२, मिंटवर एफ७. लक्षात नसेल तर एफ१ पासून एकेक करून बघा, काही बिघडत नाही. आणि लॅपटॉपवर एफ३ दाबल्यावर आवाज किंवा उजेड बदलत असेल तर सोबत एफएन बटणही दाबावं लागेल.

मेनू उघडा राहिला आणि सगळंच गोठलं

हा आजार मुख्यतः एक्सचा. लक्षणं विचित्र असतात: बाण हलतो, पण क्लिक कुठेच लागत नाही. कीबोर्डचं एकही बटण चालत नाही, आल्ट-टॅब नाही, प्रिंट स्क्रीन नाही, आवाजाची बटणंही नाहीत. आणि नीट पाहिलं तर कुठल्यातरी प्रोग्रामचा मेनू उघडा दिसतो.

एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम 'आता कीबोर्ड आणि माउस फक्त माझे' असं सांगू शकतो. याला ग्रॅब म्हणतात. मेनू उघडला की प्रोग्राम ग्रॅब घेतो, मेनू मिटला की सोडतो. मेनू उघडा असतानाच प्रोग्राम हँग झाला तर सोडणार कोण? एक्सवर मेनू उघडा ठेवून प्रिंट स्क्रीन दाबून बघा, कित्येकदा फोटो निघतच नाही. तेही याच ग्रॅबमुळे. वेलँडने ही मुभा प्रोग्रामांकडून काढून घेतली, त्यामुळे तिथे हा आजार जवळजवळ नाही.

पण एक्सचा सर्व्हर स्वतः जिवंत असतो, म्हणून कंट्रोल-आल्ट-एफ३ चालतं. काळ्या पडद्यावर जा, 'टॉप' ही कमांड चालवा, कोण किती प्रोसेसर खातंय बघा, क्यू दाबून बाहेर या. मग ज्याचा मेनू उघडा होता त्याला पीकिल आणि त्याचं नाव. नुसत्या पीकिलने गेला नाही तरच मध्ये डॅश आणि नऊचा आकडा घाला. नऊ म्हणजे आवराआवर करायलाही वेळ न देता हाकलणं, सेव्ह न केलेलं जातं. परत या, माउस आणि कीबोर्ड मोकळे झालेले असतील.

ग्रॅब तोडायचं बटणच का नाही, असं वाटेल. होतं. कंट्रोल, आल्ट आणि नंबरांच्या बाजूचं गुणाकाराचं चिन्ह. २०१२ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की हेच बटण दाबलं की लॉक केलेला पडदाही उघडतो, कारण पडदा लॉक करणारा प्रोग्रामही ग्रॅबच्याच जिवावर उभा असतो. तेव्हापासून ते मुळात बंद असतं. घरच्या संगणकावर हवं असेल तर एक्सकेबीच्या, म्हणजे एक्सच्या कीबोर्ड मांडणीच्या, पर्यायांत 'ग्रॅब:ब्रेक_ॲक्शन्स' या नावाने चालू करता येतं. ऑफिसच्या संगणकावर करू नका.

जुनी मंडळी कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेस दाबायला सांगतील. त्याने एक्स सर्व्हरच बंद पडतो आणि तुम्ही थेट लॉगिनच्या पडद्यावर येता, सगळे उघडे प्रोग्राम गमावून. २००९ पासून तेही मुळात बंद ठेवतात, कारण लोक ते चुकून दाबत. वेलँडवर त्याचा उपयोग नाही.

लॉगिनचा पडदा दिसतोय, पण कीबोर्ड आणि माउस दोन्ही मेलेले

हे मी स्वतः ओढवून घेतलं आहे. अपडेटनंतर जागा मोकळी करायला 'ऑटोरिमूव्ह' चालवलं, काढायच्या पॅकेजांची लांबलचक यादी आली, न वाचता 'वाय' दाबलं. पुढच्या वेळी लॉगिनचा पडदा आला, सुंदर दिसत होता, आणि दगडासारखा. एक्सचे इनपुट ड्रायव्हर त्या यादीत गेले होते.

अशा वेळी काळा पडदासुद्धा उघडत नाही, कारण एफ३ ची हाक ऐकायची ती एक्सनेच. म्हणून संगणक चालू होताना ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत जायचं. मेनू दिसत नसेल तर सुरुवातीला एस्केप दाबत राहा, जुन्या पद्धतीच्या बायॉसवर शिफ्ट धरून ठेवा. 'ॲडव्हान्स्ड'मधून रिकव्हरी मोड निवडा, तिथे आधी नेटवर्क आणि मग रूट शेल, म्हणजे सर्वाधिकार असलेला काळा पडदा, घ्या. लिहा: एपीटी इन्स्टॉल एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-ऑल. हे नाव सलग एकच आहे, मध्ये डॅश. रीबूट. ही कमांड डेबियन, उबुंटू, मिंट तिन्हीकडे चालते.

सगळंच गोठलं, बाणही हलत नाही

इथे पहिला संशय मेमरीवर. चार जीबी रॅमचा जुना संगणक, ब्राउझरमध्ये चाळीस टॅब, आणि हार्ड डिस्कचा दिवा सलग पेटलेला. मशीन मेलेलं नाही, ते रॅममधलं सामान डिस्कवर टाकतंय आणि परत आणतंय. माझा अनुभव असा की पाच मिनिटं थांबलं तर अर्ध्या वेळा सुटतं. या काळात बटणं बडवू नका, ती सगळी रांगेत उभी राहतात. उबुंटू २२.०४ पासून सिस्टिमडी-ओओएमडी नावाचा पहारेकरी असतो, तो अशा वेळी एखाद्या भारी प्रोग्रामला बाहेर काढतो. म्हणून ब्राउझर आपोआप गायब झाला तर दचकू नका.

थांबूनही सुटलं नाही तर दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून आत शिरा. मोबाइलवर टर्मक्ससारखं ॲप चालतं. एस-एस-एच, मोकळी जागा, तुमचं युजरनेम, ॲटचं चिन्ह, संगणकाचा आयपी पत्ता. कीबोर्ड, एक्स, वेलँड यांपैकी कशाशीही या रस्त्याचा संबंध नाही, म्हणून पडदा गोठलेला असतानाही तो कित्येकदा उघडा असतो. आत गेलात की टॉप, पीकिल, सगळं तसंच. काहीच लागू पडलं नाही तर: सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर. याने डेस्कटॉप नव्याने उभा राहतो, उघडी कामं मात्र जातात.

पण यासाठी ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज आधीच टाकलेलं हवं. आयपी पत्ता 'होस्टनेम', मोकळी जागा, डॅश आणि मोठा आय असं लिहिल्यावर दिसतो. आत्ता मशीन चालू आहे तोवर हे करून ठेवा. पासवर्ड मात्र नीट ठेवा, हा दरवाजा घरातल्या वायफायवरच्या सगळ्यांना दिसतो.

शेवटचं अस्त्र: सिसआरक्यू

प्रिंट स्क्रीनच्या बटणावर बारीक अक्षरांत 'सिसआरक्यू' लिहिलेलं असतं. आल्ट आणि हे बटण दाबून धरून एखादं अक्षर दाबलं की हुकूम थेट कर्नलला जातो. डेस्कटॉप, एक्स, आयबस यांना कोणी विचारत नाही. सहा अक्षरं क्रमाने दाबायची: आर, ई, आय, एस, यू, बी. लक्षात ठेवायला माझं वाक्य असं: रमा एकटीच आईला सांगते, उद्या बोलू.

आर कीबोर्ड डेस्कटॉपच्या हातून काढून घेतं. कधी कधी एवढ्यानेच कंट्रोल-आल्ट-एफ३ चालू होतं, म्हणून आरनंतर ते एकदा करून बघा. ई सगळ्या प्रोग्रामांना 'आवरा' म्हणतं, आय हाकलून देतं. एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतं, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतं, बी रीबूट करतं. दोन अक्षरांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या, घाई केली तर एस आणि यू यांना काम पुरं करायला वेळ मिळत नाही. याशिवाय एफ आहे, मेमरी सर्वांत जास्त अडवणाऱ्या प्रोग्रामला तो उडवतो.

आता यातली मेख. उबुंटूवर ही सगळी अक्षरं मुळात चालू नसतात. तिथे कर्नलच्या सिसआरक्यू सेटिंगचा आकडा १७६ असतो, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज: रीबूट, डिस्क वाचण्यापुरती, आणि डिस्कवर लिहिणं. थोडक्यात, रमा आणि आई गप्प, फक्त 'सांगते, उद्या बोलू' चालतं. फेडोरावर तर १६ च, नुसतं 'सांगते'. आर हवं तर ४ मिळवा, ई, आय आणि एफ हवेत तर ६४. एकूण २४४. कमांड: सुडो सिसीटीएल, म्हणजे एस-वाय-एस-सी-टी-एल, मग कर्नल डॉट सिसआरक्यू बरोबर २४४. रीबूटनंतर हे विसरलं जातं. कायम हवं असेल तर उबुंटूवर ईटीसीमधल्या सिसीटीएल डॉट डी या फोल्डरातल्या मॅजिक-सिसआरक्यू फाइलमधला आकडा बदला. शाळेच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत १७६ च बरा, तिथे कोणाचंही बोट कुठेही पडतं.

खरंच कीबोर्डच बिघडला असेल तर

ओळखायची सोपी परीक्षा: संगणक चालू होताना बायॉसमध्ये किंवा ग्रबच्या मेनूत बाणांची बटणं चालतात का बघा. तिथे चालतात आणि लिनक्समध्ये नाहीत, तर कीबोर्ड निर्दोष. तिथेही नाहीत, तर पोर्ट बदला, सेल बदला, दुसरा कीबोर्ड लावून बघा.

वायरलेस कीबोर्ड मध्येच अक्षरं खात असेल आणि त्याचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी असेल, तर तो लांब हलवा. यूएसबी ३ ची खरखर २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडते, हे रिसीव्हरही तिथेच बोलतात. फूटभर एक्स्टेन्शन वायरनेही फरक पडतो. थोडा वेळ हात काढल्यावर पहिलं अक्षर गिळलं जात असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवणारं एखादं सेटिंग कोणीतरी लावलेलं असतं.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर अंगचा कीबोर्ड मेलेला आणि बाहेरून लावलेला चालतोय, असं झालं तर ग्रबच्या मेनूत ई दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडून आय८०४२ डॉट रीसेट लिहा आणि एफ१० दाबा. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये कीबोर्ड सांभाळणारी जी चिप होती तिचा हा नंबर. चिप कधीच गेली, नाव अजून कर्नलमध्ये आहे. हा बदल त्या एका वेळेपुरता टिकतो, त्यामुळे मोकळेपणाने करून बघा.

नेमकी कुठली बटणं कर्नलपर्यंत पोचतात हे बघायचं असेल तर लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका आणि चालवा: सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स. बटण दाबलं की ओळ उमटते. पासवर्ड फुटू नये म्हणून अक्षराच्या जागी फुल्या दिसतात, पण ओळ येते की नाही एवढंच आपल्याला हवं असतं. ओळ येते आणि खिडकीत अक्षर नाही, तर वरच्या थांब्यांकडे परत जा.

आणि रीबूट करावाच लागला, तर परत आल्यावर लगेच: जर्नलसीटीएल, मोकळी जागा, डॅश बी, मोकळी जागा, डॅश एक. हा मागच्या खेपेचा वृत्तान्त. शिफ्ट आणि जी दाबून शेवटाला जा आणि वर वर वाचत या. 'आउट ऑफ मेमरी', 'जीपीयू हँग', 'यूएसबी डिसकनेक्ट' असलं काही दिसलं तर मदत मागताना त्या ओळी जशाच्या तशा द्या.

काकांसाठी मी एक चिठ्ठी केली: आयपी पत्ता, युजरनेम, कंट्रोल-आल्ट-एफ३, परत यायला एफ२, आणि रमाचं वाक्य. ती त्यांनी मॉनिटरच्या पाठीमागे चिकटवलीय, पाण्याच्या वेळापत्रकाखाली. परवा काकूंनी विचारलं, "ही रमा कोण?"